कांतिभाऊ, त्या दिवसाची मोजणी

भाऊ,

गेल्या आठवड्यात धुळ्याला तुमच्या उठावण्याला, त्या शोकसभेला, आले होते. बायकांच्या बाजूला, मागे भिंतीशी बसले. तुमच्याकडच्या बायका हळू आवाजात स्तवन म्हणत होत्या. मला ते येत नव्हतं, म्हणून नुसते हात जोडून बसून राहिले. मग एकेक जण उठून बोलले. तुमचा पुतण्या बोलला, कापड बाजारातले कुणी बोलले, एक जुना विद्यार्थी बोलला. शिस्तीचे होते, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नव्हते, आयुष्यात कुणाला वाकडं बोलले नाहीत. सगळं खरं होतं. पण तलावाचं नाव कुणीच काढलं नाही.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठून?"

"जळगावहून."

"भाईसाहेब कसे ओळखीचे?"

"आम्ही दोघं मिळून मासे मोजायचो."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय मोजायचे?"

"मासे."

त्यांनी पदर सावरला आणि तोंड पलीकडे केलं. मला हसू आलं भाऊ. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा काढून, डोळे पुसत हसला असता. आणि तुम्हाला सांगता येणार नाही, हे त्याच क्षणी लक्षात आलं. तोवर मी रडले नव्हते.

आपली जोडी विचित्रच होती. तुम्ही कापडाच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, कांदालसूण न खाणारे, आमच्या कॉलेजातून संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी शिंदखेड्याकडच्या तापीकाठच्या भोयाची मुलगी, जाळ्याच्या वासात वाढलेली, त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. एका व्हरांड्यात दहा वर्षं काढली, पण 'नमस्कार भाऊ, नमस्कार बाई' यापलीकडे आपलं बोलणं नव्हतं. तुम्ही निवृत्त होऊन धुळ्याला गेलात आणि नंतर आपली खरी ओळख झाली.

ती झाली तलावामुळे. नशिराबादच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की लागतो तो. तिथे मच्छीमार सोसायटीचे लोक होडीतून जाळी टाकतात, त्यांचं पोटच त्यावर आहे. आणि काठावर शहरातली माणसं गळ टाकून बसतात, हौसेनं. सोसायटीचं म्हणणं होतं की हे गळवाले तलाव रिकामा करताहेत, काठ बंद करा. सरकारी कचेरीनं आमच्या कॉलेजला विचारलं, काठावर वर्षाला किती माणसं येतात आणि किती मासे नेतात, अंदाज काढून द्या. काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते सोपं वाटलं. एका रविवारी जायचं, विचारायचं, बावन्ननं गुणायचं. आकडेमोड तेवढी तपासून घ्यावी म्हणून तुम्हाला फोन केला.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, लग्नाच्या मांडवातली माणसं मोजून तुम्ही गावाची वस्ती सांगताय."

दोन दिवसांनी तुम्ही एसटीनं जळगावला हजर. पिशवीत दोन स्टीलचे डबे. एकात सुट्टीच्या दिवसांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात कामाच्या दिवसांच्या. ज्या तारखेची चिठ्ठी निघेल त्या तारखेला जायचं. सकाळी की दुपारी, तेही चिठ्ठीनंच. तलावाच्या काठानं कुठल्या टोकाकडून चालायला सुरुवात करायची, त्यासाठी नाणं उडवायचं. मी म्हटलं, "भाऊ, पोरखेळ वाटतो हो." तुम्ही म्हणालात, "आपल्या सोयीनं गेलो तर आपल्या सोयीचं दिसेल. म्हणून दिवस आपण निवडायचा नाही."

आणि मग ते शून्याचं. तुम्ही किती वेळा सांगितलंत! "कागदावर शून्य आणि कागदावर रिकामी जागा, या दोन गोष्टी एक नाहीत. गेलो, पाहिलं, कुणी नव्हतं, ते शून्य. गेलोच नाही, ती रिकामी जागा. शून्य ही माहिती आहे बाई. तिच्यासाठी बसभाडं आणि पाय लागतात." वर्गात तुम्ही हे कसं सांगत असाल याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. 

सुरुवातीचे दोन महिने आपण जोडीनंच गेलो. तुमची ती कॅनव्हासची टोपी, धोतर नाही पण पांढरीच पँट, तीही चिखलात. आधी काठावरून सरळ चालत जाऊन नुसती डोकी मोजायची, कुणाशी बोलायचं नाही. परतताना प्रत्येकापाशी थांबून विचारायचं, कधीपासून बसलात, काय लागलं, किती सोडलं. मासा मी उचलायची, मी मोजायची, मी तोलायची. तुम्ही चार पावलं लांब, पाण्याकडे तोंड करून उभे. मी म्हणायची, "चिलापी, सतरा सेंटिमीटर," आणि तुम्ही लिहायचात. तो तडफडत असेल तर तुमची पेन्सिल थांबायची. एकदा मी विचारलंच, "भाऊ, तुम्हाला त्रास होतो तर कशाला येता?"

तुम्ही आधी आकडा पुरा लिहिलात. मग म्हणालात, "मी तोंड फिरवलं म्हणून तो जगतो का? आणि न मोजता निकाल लागला तर तो कुणाच्या तरी पोटावर येईल. सोसायटीवाल्यांच्या, नाहीतर या बसलेल्यांच्या."

आपल्या फॉर्मवर 'सोडून दिलेले मासे' हा रकाना तुमचा आग्रह होता. मी म्हटलं होतं, पोटात गेले तेवढेच मोजू. तुम्ही ऐकलं नाहीत. शेवटी फॉर्म तपासताना तुम्ही सगळ्यात आधी तोच रकाना बघायचात, हे मला कळायचं. त्यात चार-पाच दिसले की तुमचा चेहरा खुलायचा.

भुसावळचे ते निवृत्त गार्ड आठवतात? दर वेळी सांगायचे, "दोन मोठे रोहू लागले होते, सोडून दिले." मोठे म्हणजे केवढे, तर हात खांद्यापर्यंत जायचा. मी चिडून म्हटलं, "भाऊ, हे साफ खोटं आहे, लिहू नका." तुम्ही फॉर्मवर एक उभी रेघ मारलीत. डावीकडे पाहिलेले, उजवीकडे सांगितलेले. "माणसाला खोटा म्हणायचं नाही," तुम्ही म्हणालात. "त्याचं वेगळ्या रकान्यात लिहायचं. हिशेबात कुठे धरायचं ते आपल्या हातात आहे. त्याचा अपमान कशाला करायचा?"

आणि ती पावरा आदिवासी बाई. सातपुड्यातून आलेली, असोद्याच्या केळीच्या मळ्यात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको दोरीला गळ बांधून बसायचे. त्यांना हौशी धरायचं की पोटासाठी मासे धरणारे, यावर आपण काठावरच भांडलो. मी म्हणत होते, हे गरीब आहेत, हौस कसली. तुम्ही म्हणालात, "गरिबाला हौस नसते हे तुम्ही कुठे मोजलंत?" आणि सरळ तिलाच जाऊन विचारलंत, "बाई, हे शौक म्हणून करता की कालवणासाठी?"

ती हसली. "शौक बी शे, कालवन बी शे."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं काही तुम्हीच सोन्याचा मासा पकडलाय. तरी ते भांडण मिटलं नाही. त्यांचे मासे कुठल्या बेरजेत घ्यायचे, हे शेवटच्या फोनपर्यंत आपण ठरवू शकलो नव्हतो. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. आता तुमच्याशी भांडता येत नाही, म्हणून तर ते आणखीच वाटतं.

पुढे आपण दिवस वाटून घेतले. धुळ्याहून दर वेळी येणं तुम्हाला जड जायला लागलं होतं. निम्मे दिवस तुमचे, निम्मे माझे. आणि मग तो दिवस आला. भाद्रपद संपत आला होता. चिठ्ठी माझी होती. कामाचा दिवस, दुपारची पाळी.

आदल्या संध्याकाळी माझ्या वडिलांना, आबांना, श्वास लागला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. मी त्यांच्या खाटेशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांना जरा डोळा लागला तेव्हा मला आठवलं, आज तलावावर जायचं होतं. तुम्हाला फोन करायला हवा होता. फोनची बॅटरी कधीच संपली होती, चार्जर घरी होता. पण दवाखान्यात दुसरा फोन मिळाला नसता असं नाही. मी केला नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, 'काही हरकत नाही बाई, रिकामी जागा सोडू.' आणि माझ्या कामात रिकामी जागा राहावी हे मला नको होतं. अख्ख्या वर्षात माझा एकही दिवस चुकला नव्हता. त्याचा मला गर्व होता.

पर्समध्ये कोरा फॉर्म होता. कामाच्या दिवशी दुपारी काठावर किती माणसं असतात हे मला इतक्या महिन्यांत पाठ झालं होतं. मी खाटेच्या कडेला तो फॉर्म ठेवला आणि भरला. माणसं अकरा. मासे सात, त्यातले दोन सोडून दिलेले. ते दोन मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिले, भाऊ. खोटं लिहितानासुद्धा तुमचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

आबा वाचले. चौथ्या दिवशी तुम्ही कॉलेजात आलात आणि मी इतर फॉर्मांबरोबर तोही तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो हातात घेतलात, वाचलात, पुन्हा वाचलात. पिशवीचा बंद सोडलात, आत हात घातलात आणि मग रिकामाच बाहेर काढलात.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काठावर गेला होतात?"

"हो."

"दुपारी?"

"हो भाऊ, दुपारी. का? तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

माझा आवाज चढला होता. टेबलापलीकडच्या मॅडमनी वर पाहिलं. तुम्ही म्हणालात, "आहे, आहे." फॉर्मची घडी घातलीत. मग विचारलंत, "आबा कसे आहेत आता?"

मी म्हटलं, "बरे आहेत." आणि मला तुमचा राग आला. खरंच राग आला. वर्षभर उन्हातान्हात फिरले आणि हा माणूस माझी उलटतपासणी घेतो, असं मी घरी जाऊन स्वतःलाच सांगितलं. मी इतकं सांगितलं की मला ते पटलंसुद्धा. तुमच्या फोनला मी तुटक उत्तरं द्यायला लागले. अहवालाचा मसुदा तुम्ही टपालानं पाठवला. त्यात त्या तारखेपुढे लिहिलेलं होतं, 'मोजणी झाली नाही.' मी काही बोलले नाही. तुम्हीही नाही.

मग ती बैठक झाली. सोसायटीचे लोक, कचेरीतले साहेब आणि आपण दोघं. आपला अंदाज सोसायटीनं सांगितलेल्यापेक्षा पुष्कळच कमी आला होता. गळवाले मासे नेत होते, पण तलाव रिकामा करतील इतके नाही. सोसायटीचे अध्यक्ष नाना मूळ आमच्याच बाजूचे, माझ्या वडिलांना ओळखणारे. त्यांचा चेहरा पडला होता. आपलीच पोर आपल्या विरोधात आकडे घेऊन आली, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. त्यांनी माझ्याकडे बघून सगळ्याच दिवसांचं विचारलं, "पोरी, तू बठ्ठा दिन काठवर गयथी का? खरं सांग."

 त्या क्षणी मी खरं बोलले असते तर त्यांनी सगळाच अहवाल फेकून दिला असता. आणि खोटं बोलायचं, तर आमच्या माणसांसमोर, आमच्या बोलीत विचारल्यावर ते मला जमत नव्हतं.

तुम्ही उभे राहिलात. "एक दिवस मोजणी झाली नाही, नाना. तसं आम्ही लिहिलंय. तो माझ्याकडून राहिला. माझं वय झालं, धुळ्याहून येणं झालं नाही. बाकी सगळे दिवस झाली."

साहेबांनी मान डोलावली.  काठ बंद झाला नाही. बोटाएवढे मासे कुणी न्यायचे नाहीत, एवढा नियम लागला. सगळे चहाला उठले. तुम्ही चहा घेत नव्हता, म्हणून खुर्चीतच बसून होता. मी तुमच्या शेजारी बसले होते भाऊ, हातभर अंतरावर. 'तो दिवस माझा होता', एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी उठून बशीत बिस्किटं घेतली आणि साहेबांशी बोलत उभी राहिले.

त्याला वर्ष होऊन गेलं. तुम्ही दिवाळीला फोन केलात. संक्रांतीला केलात. आबांची चौकशी न चुकता. गेल्या महिन्यात एका रविवारी फोन आला, तेव्हा माझ्याकडे पाहुणे होते. "भाऊ, मी नंतर करते." तुम्ही म्हणालात, "करा, करा. घाई नाही." मी केला नाही. उद्या करू, परवा करू. आणि एका सकाळी तुमच्या पुतण्याचा फोन आला. आंघोळीला जाताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत न्यायलाही मिळालं नाही.

आबांना सांगितलं तेव्हा ते अंगणात दोरी वळत बसले होते. आता डोळ्यांना नीट दिसत नाही त्यांना, पण हात चालू असतात. हात थांबले. म्हणाले, "मासा न खानारा मानूस. पन मासानी कदर त्यालेच व्हती." मग पुन्हा दोरी वळायला लागले.

उठावणं झाल्यावर माणसं पांगली. मी निघणार तेवढ्यात भाभींनी हात धरला आणि वरच्या खोलीत नेलं. तुमच्या खोलीत. तुमची टोपी खुंटीला होती. भाभी पलंगाच्या कडेवर बसल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"तुमचे आबा कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

तुमच्या घरात दोघांनाही हीच सवय लागली होती, नाही?

"बरे आहेत, भाभी."

"ते दवाखान्यात होते ना, तेव्हा यांचा जीव किती खालीवर झाला. तुमच्या कॉलेजच्या शिपायानं फोनवर सांगितलं. तुमचा फोन लागेना. म्हणाले, आज तिची पाळी आहे, ती बिचारी कुठे जाणार. मीच जाऊन येतो. मी म्हटलं, एवढा पाऊस, एवढ्या लांब. ऐकतात कुठले. सकाळच्या बसनं गेले."

मला काही कळेना. "कुठे गेले?"

"तळ्यावर. दुसरं कुठे? आले ते चिखलानं भरून. दिवस मावळून गेलेला. मग जेवले पण नाहीत, तुम्हाला माहितीय त्यांचं. म्हणाले, तळ्याच्या बांधाचे दरवाजे उघडले, तर काठाचा रस्ताच बंद केलाय. एकही माणूस नव्हता. मी म्हटलं, मग फुकट फेरा झाला. तर म्हणाले, फुकट कसा? शून्य मिळालं ना."

भाभी उठल्या आणि कपाटातून तुमची फाइल काढली. त्यात तो फॉर्म होता. तुमच्या त्या बारीक, सरळ अक्षरात. तारीख. दुपारची पाळी. माणसं शून्य. मासे शून्य. सोडून दिलेले शून्य. शेरा: पाणी सोडल्यामुळे काठ बंद, पहारेकऱ्याला विचारून खात्री केली. खाली तुमची सही. आणि त्याच्या मागे, टाचणीनं लावलेला, माझा फॉर्म. माणसं अकरा.

तर पिशवीत तुम्ही हात घातलात तो यासाठी होता. तुमच्या बोटांना हा कागद लागला असेल. तुम्ही मला विचारलंत, आणि मी हो म्हटलं, आणि तुम्ही हात रिकामा बाहेर काढलात. तुमचा कागद बाहेर आला असता तर माझा खोटा ठरला असता. म्हणून तुम्ही फाट्यावरून पायी जाऊन, भिजून, उपाशी राहून आणलेलं शून्य फाइलमध्ये ठेवून दिलंत आणि अहवालात रिकामी जागा सोडलीत. तुम्ही, ज्यांनी मला या दोन्हींतला फरक शिकवला. आणि बैठकीत उभं राहून सांगितलंत की मी गेलो नाही. गेलेले तुम्ही होता.

मी टाचणी काढून दोन्ही कागद पलंगावर शेजारी शेजारी ठेवले.  मग मी त्यांना सगळं सांगितलं. दवाखाना, कोरा फॉर्म, अकरा माणसं, माझा चढलेला आवाज. ऐकताना त्या मान हलवत होत्या.

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणाले, ती आपण होऊन सांगेल. बरेच दिवस वाट पाहिली त्यांनी. तुमचा फोन आला की मी विचारायची, सांगितलं का? नाही म्हणायचे. मग एकदा म्हणाले, चूक माझीच झाली. वडील मरणाच्या दारात होते तिचे, मी असं विचारायलाच नको होतं. सरळ सांगून टाकायला हवं होतं की मी जाऊन आलोय, तुम्ही काळजी करू नका."

भाऊ, तुम्ही हे असं मनात धरून गेलात? चूक तुमची? वर्षभर तुम्ही स्वतःलाच दोष देत होता आणि मी तिकडे जळगावात फुगून बसले होते? रविवारचा तो फोन कशासाठी होता? मी भाभींना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. सहज केला असेल म्हणाल्या. मला ते कधीच कळणार नाही, आणि हे आता मला जन्मभर पुरेल.

गार्डसाहेबांच्या रोहूसाठी तुम्ही जशी रेघ मारली होतीत, तशीच माझ्यासाठीही मारलीत. माझं खोटं हिशेबात येऊ दिलं नाहीत, आणि माझा अपमानही होऊ दिला नाहीत. एवढी माया माझ्या वाट्याला आली हे मला आज कळतंय, तुम्ही नसताना. तुमचे आभार कसे मानू? मानायला तोंड कुठलं आणू?

दोन्ही कागद मी भाभींकडून मागून घेतले. दुसऱ्या दिवशी कचेरीला पत्र लिहिलं, जे झालं ते तसंच. साहेबांनी वाचलं, तुमचं शून्य धरलं तर अंदाज कसा येतो ते मी करून नेलं होतं, तेही पाहिलं. आकडा किंचित खाली आला होता. ते म्हणाले, "मॅडम, याने काय फरक पडतो? निर्णय तर तोच राहतो. सोडून द्या ना." मी म्हटलं, "आवक क्रमांक टाकून द्या, साहेब." त्यांनी दिला.

काल सोसायटीची सभा होती. मी न बोलावता गेले. आबा म्हणाले, मीपण येतो. त्यांना काठी आणि माझा खांदा धरून आणलं. पत्र वाचायला उभी राहिले, पण छापील मराठीत ते मला वाचवेना. कागद खाली ठेवला आणि आमच्याच बोलीत सांगितलं. तो दिवस माझा होता. मी गेले नाही, खोटं लिहिलं. कांतिभाऊ गेले होते, आणि बैठकीत नाही म्हणाले.

 एक जण पुटपुटला, मग सगळेच आकडे खोटे कशावरून नाहीत. त्याचा हक्कच होता. मी म्हटलं, बाकीचे सगळे फॉर्म आणलेत, बघा. नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, तेच जास्त जड होतं.

"मंग तो मानूस तुनाकरता खोटं बोलना?"

"हां नाना. मनाकरता."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्याकडे माणूस गेल्यावर काढतात तशी. मग एकेकानं काढली आणि सगळेच उठून उभे राहिले. मासे धरून जगणारी ती माणसं, भाऊ, आणि तुम्ही मुंगीलाही जपणारे. पण ती तुमच्यासाठी उभी राहिली होती. आबा माझ्या शेजारी काठीवर भार देऊन उभे होते. घरी आल्यावर रिक्षातून उतरताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी भाभींना फोन केला. म्हटलं, सांगितलं सगळ्यांना. त्या म्हणाल्या, "आत त्यांच्या फोटोपुढे जाऊन सांगू का, की बाईंनी सांगितलं म्हणून?"

"नको भाभी. मीच येते."

उद्या सकाळच्या बसनं निघतेय. पारोळा, मग धुळे. तुमच्या खोलीत जाईन, दार लोटून घेईन. ज्यांना ज्यांना सांगायचं होतं त्या सगळ्यांना सांगून झालं. ज्यांना सगळ्यात आधी सांगायचं होतं ते तेवढे राहिले. पाच-सहाच शब्द आहेत, वर्षभर ओठांवर होते.

भाऊ, त्या दिवशी मी गेले नव्हते.